रस्ता कुणासाठी झाला?

सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर सायकल काढायची म्हटली की आपण फोनला विचारतो, इथून तिथं कसं जायचं? फोन प्रामाणिकपणे सांगतो, सगळ्यांत लवकर कुठून पोहोचाल ते. पण लवकर पोहोचवणारा रस्ता सगळ्यांनाच हवा असतो. ट्रक, टेम्पो, लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाड्या, सगळे त्याच रस्त्यावर येतात. शांत रस्ता हवा असेल तर रस्त्याबद्दल वेगळा प्रश्न विचारावा लागतो: हा रस्ता कुणासाठी झाला? दोन शहरं जोडायला झाला असेल तर त्यावर रात्रंदिवस रहदारी असणार. एखाद्या वाडीला शाळा, दवाखाना आणि बाजार गाठता यावा म्हणून झाला असेल, तर सकाळी दुधाची गाडी, अधूनमधून एखादी मोटारसायकल आणि ठरलेल्या वेळी एसटी. बाकी रस्ता तुमचा.

हा प्रश्न ज्याला विचारता येतो असा साथीदार म्हणजे कागदी नकाशा. त्यावर रस्ता एकटा नसतो. तो कुठल्या नदीच्या कडेनं चाललाय, कुठला डोंगर टाळतोय, कुठल्या गावात जाऊन संपतोय, हे सगळं एका नजरेत दिसतं. फोनवर एवढा मुलूख एकदम पाहायला गेलं तर बारीक रस्ते पुसले जातात, आणि बारीक रस्ते पाहायला जवळ गेलं तर मुलूख दिसेनासा होतो. रस्त्यामागचं कारण वाचायचं तर दोन्ही एकत्र दिसायला हवं.

आपल्याकडे त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट आहेत. सर्व्हे ऑफ इंडिया ही १७६७ सालची संस्था, मुख्यालय डेहराडूनला. सायकलीसाठी सर्वांत कामाचं शीट १:५०,००० प्रमाणाचं. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. एका शीटमध्ये १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा चौकोन येतो. पुण्याच्या आसपास तो दक्षिणोत्तर साधारण साडेसत्तावीस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साडेसव्वीस किलोमीटर भरतो. शांतपणे, थांबत-थांबत चालवणाऱ्या माणसाचा दिवसभराचा फेरा एका शीटमध्ये आरामात मावतो. मला या प्रमाणाबद्दल विशेष प्रेम आहे ते यासाठीच. जणू ते माणसाच्या पायांचा अंदाज घेऊनच ठरवलं असावं.

शीटचे नंबर सुरुवातीला क्लिष्ट वाटतात, पण त्यांची मांडणी सरळ आहे. मुंबई, पुणे, सातारा हा सगळा भाग ४७ नंबरच्या मोठ्या चौकोनात येतो. तो चार अंश रुंद आणि चार अंश उंच. त्याचे एकेक अंशाचे सोळा तुकडे, ए ते पी. त्या प्रत्येक तुकड्याचे पुन्हा सोळा भाग, १ ते १६. दोन्ही वेळा मोजणी वरून खाली, मग शेजारच्या स्तंभात पुन्हा वरून खाली. पुणे शहराचा मोठा भाग ४७ एफ/१४ वर येतो आणि शहराची दक्षिण बाजू त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ वर. सिंहगड या १५ नंबरच्या शीटच्या अगदी डाव्या काठाला आहे. म्हणून गडाच्या पश्चिमेला जायचं असेल तर शेजारचं ४७ एफ/११ लागतंच. भोर १५ च्या खाली, १६ नंबरवर. सासवड मात्र ७४ रेखांशाच्या पलीकडे असल्यानं अक्षरच बदलतं आणि ते ४७ जे/३ वर जातं. प्रत्येक शीटच्या तळाशी शेजारच्या आठ शीटांचा छोटा तक्ता असतो. तो पाहायची सवय लागली की पुढचं कुठलं घ्यायचं ते आपोआप कळतं.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नकाशांच्या दोन मालिका केल्या. एक संरक्षण दलांसाठी आणि दुसरी सर्वांसाठी खुली. खुल्या मालिकेचे नंबर वेगळ्या पद्धतीचे आहेत, पण जुने ट्रेकर अजून ४७ एफचीच भाषा बोलतात. २०१७ पासून विभागानं ही शीट ऑनलाइन मोफत उतरवून घ्यायची सोय केली आणि २०२१ च्या नव्या नियमांनी नकाशांवरची उरलीसुरली बंधनंही बरीच सैल झाली. पीडीएफ उतरवावी, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढावी. रंगीतच काढावी, कारण या नकाशाची निम्मी भाषा रंगांत आहे.

तपकिरी रेघा म्हणजे समोच्च रेषा. हिरवं म्हणजे झाडी, पिवळं म्हणजे लागवडीखालची जमीन, लाल म्हणजे वस्ती आणि रस्ते. पाणी निळं, पण एक बारकावा आहे: जो ओढा पावसाळ्यानंतर आटतो तो काळ्या रेघेनं काढतात. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे बहुतेक नाले असे काळे दिसतील. मार्च-एप्रिलमध्ये बाटली कुठं भरायची याचा विचार करताना काळ्या रेघेवर भिस्त ठेवू नये. विहीर, देऊळ, डाक बंगला यांच्या खुणा असतात. देवळाची खूण मी आवर्जून शोधतो. गावाच्या देवळापाशी बहुधा सावली असते, पार असतो आणि नळ नसला तरी पाणी देणारं घर असतं.

आता तपकिरी रेघा. शाळेत भूगोलाच्या तासाला यांची धास्ती वाटायची, पण सायकलवाल्याला नकाशातला हा सगळ्यांत जवळचा भाग. १:५०,००० च्या शीटवर शेजारच्या दोन रेघांत २० मीटर उंचीचा फरक असतो, आणि दर पाचवी रेघ जाड. तुमचा रस्ता जिथं एक तपकिरी रेघ ओलांडतो आणि जिथं पुढची ओलांडतो, त्या दोन जागांमधलं अंतर रस्त्याच्या वळणांसकट मोजायचं. ते कागदावर एक सेंटिमीटर भरलं तर ५०० मीटरमध्ये २० मीटर चढ, म्हणजे ४ टक्के. असा चढ बोलत-बोलत चढता येतो. अर्धा सेंटिमीटर भरलं तर ८ टक्के. तिथं बोलणं बंद होतं. चार मिलिमीटरला १० टक्के, आणि दोन मिलिमीटरला २० टक्के. तिथं बहुतेक जण खाली उतरून सायकल ढकलतात, आणि त्यात काही कमीपणा नाही. मोजायला पातळ दोरा घ्यावा, रस्त्याच्या वळणांवरून फिरवावा आणि मग तळाच्या पट्टीवर ताणून पाहावा. वळणदार घाटरस्त्याचं अंतर नुसत्या नजरेनं नेहमी कमीच वाटतं.

पण या रेघांत एक फसगत आहे आणि ती समजून घेतलेली बरी. २० मीटरपेक्षा लहान चढउतार या रेघांच्या मधे लपून जातात. नकाशावर रस्ता एकही तपकिरी रेघ न ओलांडता चार किलोमीटर चाललेला दिसतो, आपण म्हणतो सपाट आहे, आणि प्रत्यक्षात तो दर अर्ध्या किलोमीटरला पंधरा मीटर खाली उतरून पुन्हा पंधरा मीटर वर चढत असतो. दिवसाच्या शेवटी पाय यामुळेच दुखतात. याचा पत्ता लावायचा उपाय म्हणजे नाल्यांच्या रेघा मोजणं. रस्ता जितके नाले आडवे ओलांडतो तितक्या वेळा तो खाली जाऊन वर येणार. भोरजवळच्या भाटघर धरणाच्या काठचे रस्ते पाहा. १९२० च्या दशकात वेळवंडी नदीवर हे लॉइड धरण झालं. जलाशयाचा काठ नाल्यानाल्यागणिक आत शिरतो, कंगव्याच्या दातांसारखा, आणि रस्ता त्या प्रत्येक दातात आत जाऊन बाहेर येतो. समोच्च रेषा म्हणतात सपाट, नाले म्हणतात तयारीनं या. दोन्ही खरं असतं.

चढ आधी कळावा ही सायकलवाल्यांची गरज जुनी आहे, आणि तिनं नकाशांनाही वळण दिलं. ब्रिटनमध्ये १८७८ साली हॅरोगेट इथं सायकलस्वारांचा एक पर्यटन क्लब निघाला. पुढं तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून नावारूपाला आला. मोटारी यायच्या आधी या क्लबानं धोकादायक उतारांच्या माथ्यावर इशाऱ्याचे फलक लावले. एडिंबरोच्या बार्थोलोम्यू कंपनीचे अर्धा इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे नकाशे क्लबाच्या सभासदांनी कळवलेल्या दुरुस्त्यांवर अद्ययावत होत. त्याच शहरातल्या हॅरी इंग्लिस यांनी १८९६ मध्ये स्कॉटलंडच्या रस्त्यांचं एक पुस्तक काढलं. त्यात प्रत्येक रस्त्याचा चढउतार आलेखानं काढून दाखवला होता, ग्राहक अर्थात सायकलस्वार. आजही ब्रिटिश ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर तीव्र चढावर बाण असतो: १४ ते २० टक्क्यांना एक, त्याहून जास्तीला दोन. आपल्या टोपोशीटवर असे बाण नाहीत. ते आपणच पेन्सिलीनं काढायचे, दोरा हातात घेऊन.

चढ कळला. आता रहदारी. त्यासाठी रस्त्यांची जात ओळखावी लागते आणि भारतातल्या रस्त्यांना ही जात बहाल झाली ती आपल्या नागपुरात. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते तिथं जमले आणि त्यांनी नागपूर योजना म्हणून ओळखली जाणारी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तिथली. जिल्हा मार्गांत प्रमुख आणि इतर असे दोन. रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘प्रजिमा’, ‘इजिमा’, ‘ग्रामा’ अशी अक्षरं आणि पुढं आकडा दिसतो, तो याच वर्गवारीचा. किलोमीटरचे दगडही बोलतात. डोकं पिवळं असलं तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असलं तर राज्य महामार्ग, नारिंगी असलं तर गावचा रस्ता. आपल्याला इजिमा, ग्रामा आणि नारिंगी दगड हवेत. सार्वजनिक बांधकाम विभागाचे जिल्ह्यांचे रस्ते-नकाशे मिळाले तर त्यावर ही वर्गवारी छापलेली असते. टोपोशीटवर समोच्च रेषा पाहाव्यात आणि रस्त्याची जात या नकाशावर.

नारिंगी दगडाच्या रस्त्यांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शांत सायकलीचं खरं रहस्य त्यांच्यापाशी आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ, आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या गावाला बारमाही रस्ता द्यायचा, हे तिचं ध्येय. पण ‘गावाला रस्ता’ याचा अर्थ गावाला एका बाजूनं रस्ता. मुख्य रस्त्यापासून फाटा निघाला, गावात पोहोचला, काम पूर्ण. म्हणजे डोंगराच्या अलीकडचं गाव या बाजूच्या महामार्गाला जोडलं गेलं, पलीकडचं गाव त्या बाजूच्या. दोन गावांमधलं अंतर कदाचित दोन-तीन किलोमीटर, पण डांबर दोन्हीकडून येऊन आपापल्या गावात थांबतं. मोटारीला हा रस्ता संपलेला. फोन तर तिथून पाठवणारच नाही.

आता जुनं टोपोशीट काढा. शीटवर सर्वेक्षणाचं वर्ष छापलेलं असतं. त्याला जुनं म्हणून हिणवू नका, ते वर्ष जितकं मागचं तितका हा भाग रंजक. त्या दोन गावांमध्ये बहुधा लाल तुटक रेघ किंवा ठिपक्यांची रेघ दिसेल. तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, ठिपके म्हणजे पायवाट, आणि काठावरचा खुणांचा तक्ता शंका असेल तर सांगतोच. गाडीवाट असेल तर मन आनंदानं भरून यावं अशी गोष्ट आहे. भरलेली बैलगाडी जिथून चढायची तिथला चढ बैलांच्या ताकदीत बसणारा होता, म्हणजे सायकलीच्याही बसेल. ती वाट आज कदाचित मुरूम टाकलेली असेल, कदाचित दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं वाढलेली असतील, पण माणसं अजून त्या वाटेनं सोयरिकीला आणि जत्रेला जातात. दोन डांबरी टोकं जोडणारा हा तीन किलोमीटरचा तुकडा ज्याला सापडला, त्याला एक संपूर्ण फेरा सापडला. ज्या रस्त्यानं गेलो त्याच रस्त्यानं परत यायची गरज राहत नाही आणि दिवसभरात मोटारींचा पट्टा जवळपास लागतच नाही. फक्त टायर जरा रुंद हवेत, आणि पंक्चरचं सामान जवळ.

अजून बारीक जायचं तर गावनकाशा असतो. तलाठ्याकडचा, शेतांचे गट दाखवणारा. त्यात दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग. शेतांमधल्या पाणंदीही त्यावर सापडतात. पाणंद वहिवाटीची असली तरी ती दोन्हीकडच्या शेतकऱ्यांच्या रोजच्या कामाची जागा आहे. बैल, अवजारं, भिजवणीचे पाइप यांना आधी वाट द्यायची.

हे सगळं एखाद्या प्रत्यक्ष मुलखावर लावून पाहू. पुण्याच्या पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा सह्याद्री घ्या. ४७ एफ/११ आणि त्याच्या आजूबाजूची शीट पसरली की पहिली गोष्ट दिसते ती म्हणजे नद्या सगळ्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांच्या मधे डोंगरांच्या लांब रांगा पूर्वेकडे उतरत येतात. या खोऱ्यांना नावं फार जुनी आहेत: मुठे खोरं, मोसे खोरं, कानद खोरं, गुंजण मावळ, वेळवंड खोरं, हिरडस मावळ. शिवकाळात कारभाराचे विभाग खोऱ्यांवर बेतलेले होते, कारण माणसांची ये-जा खोऱ्यातच होती. आजचे रस्तेही तेच सांगतात. पुणे-सातारा महामार्ग दक्षिणोत्तर जातो, खोऱ्यांच्या पूर्वेच्या तोंडांवरून. त्यातून बहुतेक खोऱ्यांत एकेक रस्ता नदीच्या सोबतीनं पश्चिमेला शिरतो आणि बहुधा सह्याद्रीच्या माथ्यापाशी जाऊन संपतो.

याचा सायकलवाल्याला अर्थ असा की खोऱ्याच्या बाजूनं जाल तर चढ सौम्य, आणि जितकं आत जाल तितकी रहदारी कमी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर मात्र रांग ओलांडावी लागते, खिंडीतून, आणि तिथं तपकिरी रेघा एकमेकींना चिकटतात. वेल्ह्याला जायचे दोन रस्ते पाहा. नसरापूरहून आत शिरणारा रस्ता खोऱ्यातून जातो: लांब, सौम्य, मार्गासनी, विंझर अशी गावं घेत. दुसरा सिंहगड रस्त्यानं खानापूरपर्यंत आणि मग पाबे घाटानं रांग ओलांडून. पाबे घाटात चढ खडा आहे, पण माथ्यावरून दोन्ही खोरी दिसतात. नकाशावर दोन्ही रस्ते नीट वाचले की योजना आपोआप सुचते: सकाळी थंड वेळेला, पायांत दम असताना घाट चढायचा, वेल्ह्यात जेवायचं आणि दुपारी खोऱ्याच्या उतारानं नसरापूरकडे यायचं. नसरापूरच्या अलीकडे थोडा वेळ रहदारी सोसावी लागते.

वेल्ह्याच्याही पुढं केळदपर्यंत रस्ता जातो. केळदच्या पुढं जुन्या शीटवर ठिपके सुरू होतात, ते मढे घाटानं कोकणात उतरतात. म्हणजे मोटारीचा रस्ता इथं संपला. असं रस्त्याचं टोक नकाशावर दिसलं की वाट शांत असणार हे गृहीत धरायला हरकत नाही, फक्त एक अपवाद तपासून. तिथं धबधबा, किल्ला किंवा धरणाचा काठ असेल तर पावसाळ्यातले शनिवार-रविवार सोडून द्यावेत. मढे घाटाला धबधबा आहे. जुलैतल्या रविवारी केळदला जाणं आणि जानेवारीतल्या मंगळवारी जाणं या दोन वेगळ्या जगातल्या गोष्टी आहेत.

उलट, ज्या खोऱ्याचा रस्ता माथ्यावर न संपता कोकणात उतरतो, तो कितीही देखणा असला तरी शांत नसतो. ताम्हिणी माणगावला जोडतो, वरंधा भोरला महाडशी जोडतो. तिथले रस्ते दोन प्रदेशांसाठी झालेत, त्यामुळं तिथं ट्रकही असणार.

कुणासाठी हा प्रश्न गावांपलीकडेही विचारायचा असतो. नकाशावर दगडखाणीची खूण असेल तर त्या रस्त्यावर डंपर धावणार आणि डांबर उखडलेलं असणार. साखर कारखान्याकडे जाणारे सगळे रस्ते गाळपाच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन पुढं मार्चपर्यंत, ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे असतात. बारामती, फलटण, माळेगावच्या बाजूला हिवाळी सहल ठरवणाऱ्यानं हे आधी पाहावं. त्या ट्रॉल्यांच्या मागे अंधारात लाल दिवा नसतो हेही लक्षात ठेवावं. आठवडे बाजाराचा वार कुठल्या गावाचा कोणता, हे नकाशा सांगत नाही. एसटी स्टँडवर कुणालाही विचारा. बाजाराच्या दिवशी सकाळी बाजारगावाकडे जाणारा रस्ता टेम्पोंचा असतो. दुपारनंतर तो पुन्हा मोकळा होतो.

त्याच भागात एक मोठी मेजवानीही आहे, कालवे. नकाशावर एखादी निळी रेघ नदीसारखी वेडीवाकडी न जाता तपकिरी रेघांच्या जवळजवळ समांतर चाललेली दिसली तर तो कालवा. पाणी केवळ उतारानं पुढं न्यायचं असल्यानं कालव्याला चढ घेताच येत नाही. डोंगराला वळसा घालत, उंची राखत तो मैलोन्‌मैल सपाट जातो, आणि त्याच्या भरावावर देखभालीची वाट असते. नीरेचे डावा आणि उजवा कालवा, खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा, यांच्या काठानं असे लांबच लांब पट्टे आहेत. ही वाट सार्वजनिक रस्ता नसते, जलसंपदा विभागाची असते. कालवा निरीक्षकाला किंवा चौकीदाराला विचारून जावं, गेट बंद असेल तर मागं फिरावं. आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा काठाच्या अगदी कडेनं चालवू नये, तिथली माती भिजून ढिली झालेली असते.

पावसाळ्यात आणखी एक खूण महत्त्वाची: रस्ता ओढा ओलांडतो तिथं पूल आहे की फरशी. टोपोशीटवर फरशीची खूण वेगळी असते. पाऊस नसताना फरशी निरुपद्रवी. पण वरच्या डोंगरात पाऊस झाला की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही तिच्यावरून पाणी वाहू शकतं. फेऱ्यात अशा फरश्या असतील तर दुसऱ्या बाजूनं सुटायची वाट आधीच पेन्सिलीनं खूण करून ठेवावी. गुडघाभर वाहत्या पाण्यात सायकल धरून उभं राहताही येत नाही.

नकाशाला एसटीची जोड द्यावी, हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो. आगारात वेळापत्रकाचा फलक असतो. ज्या गावाला तासातासाला गाडी आहे, तो रस्ता वाहता. ज्या गावाला सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि संध्याकाळची मुक्कामी, त्या गावाच्या पुढं रस्ता नाही हे नक्की. मुक्कामी एसटीची गावं टोपोशीटवर गोल करून ठेवायची. शांत रस्त्यांची यादी तिथंच अर्धी तयार होते. शिवाय सायकल मोडली, पाय थकले, तर परतीची सोय कुठं आणि किती वाजता आहे हेही त्याच फलकावर असतं. टपावर सायकल टाकता येईल का हे कंडक्टरला आधी विचारावं.

प्रत्यक्ष निघताना आख्खं शीट सोबत नेऊ नये. घडीच्या जागी ते आधी फाटतं. फेऱ्याचा भाग ए-फोर कागदावर झेरॉक्स काढावा, पारदर्शक पिशवीत घालून हँडलवर अडकवावा. आपल्या फेऱ्याच्या रस्त्याला पिवळा हायलायटर, आणि प्रत्येक फाट्यावर बाण. फाट्याच्या आधी कुठली खूण लागेल तेही लिहावं: ओढा, देऊळ, उजवीकडे शाळा. किलोमीटरचा आकडा चुकतो, ओढा चुकत नाही.

आणि मग विचारायचं. गावात नकाशा पसरून माणसांसमोर धरला तर ते नम्रपणे मान डोलावतात, पण उपयोग होत नाही. नावं रोमन लिपीत, तीही इंग्रज सर्वेक्षकांच्या कानांनी लिहिलेली. पुढच्या गावाचं नाव आपल्या भाषेत उच्चारून विचारावं. ‘रस्ता आहे का?’ असं विचारलं की उत्तर हमखास मोटारीच्या हिशेबानं येतं: ‘नाही, इथं संपला, मागं फिरा, हायवेनं जा.’ सांगणारा तुमच्या भल्यासाठीच सांगत असतो, त्याला वाटतं तुम्हाला लवकर पोहोचायचंय. त्याऐवजी विचारावं, ‘पलीकडच्या गावची माणसं तुमच्या जत्रेला कुठून येतात?’ मग माणूस हात वर करून खिंड दाखवतो. पहिल्या ओढ्यापाशी डावीकडं वळा, वर देवीचं ठाणं लागेल, तिथून उतार, चालत गेलं तर अर्धा तास. ‘मोटारसायकल जाते का?’ हा पुढचा प्रश्न. मोटारसायकल जात असेल तर सायकल नक्की जाते. जात नसेल तर उचलून किती न्यावी लागेल तेही विचारून घ्यावं. मिळालेलं उत्तर तिथल्या तिथं झेरॉक्सवर पेन्सिलीनं लिहावं, ओढ्यापासून ठाण्यापर्यंत वाट काढावी, आणि घरी आल्यावर मूळ शीटवर उतरवावं, तारखेसकट.